कार विकली, आता मालवाहू सायकल घरीच बनवायचीये. कुणी केलंय का असं काही? (कोथरूड)

रिकामं_पार्किंग

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी कृपया हलवावा.

तर गेल्या दिवाळीनंतर आम्ही कार विकली. आठवड्यातले सहा दिवस ती पार्किंगमधेच धूळ खात उभी असायची, इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग मात्र वेळच्या वेळी, आणि सातव्या दिवशी बाहेर काढली की लक्ष्मी रोडच्या आसपास जागा शोधत फिरायचं. नवरा वनाजहून मेट्रोनं ऑफिसला जातो, माझं काम घरून, गावाला जायचं तर एसटी किंवा रेल्वे, रात्री-बेरात्री रिक्षा. हे सगळं बसलंय आता. अडतंय ते सामानापाशी. मंडईतून आठवड्याची भाजी, महिन्याचा किराणा, गहू गिरणीत नेणं आणणं, कधी नळाला पाणी नसलं की २० लिटरचा जार, आणि मुलगी (सहा वर्षं, २१ किलो) तिला क्लासला सोडणं. अ‍ॅपवरून मागवा असं सांगणार असाल तर तेही करतो अधूनमधून, पण कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी कुणाला तरी दहा मिनिटांत पळवायचं हे मला काही पटत नाही, आणि गिरणी अजून अ‍ॅपवर आलेली नाहीये.

युरोपातल्या त्या पुढं लाकडी पेटी असलेल्या सायकलींचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात भुंगा शिरलाय. तयार घ्यायची तर किंमत बघूनच पोटात गोळा येतो. माझ्या मावसभावाचं भोसरीला फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, सीओटू वेल्डिंग, पाइप बेंडर, ड्रिल सगळं आहे त्याच्याकडे. तो म्हणतो ड्रॉइंग दे, रविवारी बसून करून देतो. ड्रॉइंगच तर नाहीये माझ्याकडे!

बजेट पंधरा हजारांच्या आत. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टमधे काही मावणार नाही म्हणजे खाली पार्किंगमधेच राहणार. बॅटरी वगैरे लागेल का, पोलीस पकडतील का, कुठला पाइप घ्यायचा, काहीच माहीत नाही. कुणी स्वतः जोडलेली असेल तर प्लीज सांगा. फोटो असतील तर सोन्याहून पिवळं.

शंकासूर

अ‍ॅक्टिव्हा घ्या. धागा संपला. :)

गंमत बाजूला ठेवा, पण पायापाशी पिठाचा डबा, मागं पोरगी, हुकाला पिशवी, अख्खं कोथरूड हेच करतंय की. कार नको म्हणजे पेट्रोलही नको असं कुठं लिहिलंय?

रिकामं_पार्किंग

स्कूटर आहे हो घरात, नवरा चालवतो. मला सायकल चालवायची आहे, एवढं एकच कारण पुरेसं नाही का?

खाटखूट

मस्त धागा. मी चिंचवडला असतो, पोटापाण्याला जिग-फिक्श्चर बनवतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या सायकली कापतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

व्हिडिओत दिसते ती पुढं पेटीवाली, तिला लाँग जॉन म्हणतात. डेन्मार्कात १९३० च्या आसपासपासून चालतेय, म्हणजे फॅड वगैरे नाही, बेकरीवाले-पोस्टवाले वापरायचे. पण घरी बनवायला सगळ्यात त्रासाची तीच. कारण तुमचं हँडल एकीकडे आणि पुढचं चाक तिथून मीटरभर लांब, मधे पेटीच्या खालून एक रॉड जातो आणि तो चाक वळवतो. रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट येतात, त्यात एक मिलिमीटरचा प्ले असला आणि फोर्कवरचा (पुढचं चाक धरणारा चिमटा) आर्म ७० मिलिमीटरचा असला तर हिशोब करा, चाक जवळजवळ एक अंश आपल्या मर्जीनं हलणार. हँडल तुम्ही सरळ धरलंय आणि चाक डुलतंय. रिकामी चालवताना हे जाणवतसुद्धा नाही, पेटीत तीस किलो टाकून पौड फाट्याच्या पुलावरून उतरायला लागलात की जाणवतं. म्हणून तिथं भंगारातला कसलाही जॉइंट चालत नाही, नवे रॉड एंड बेअरिंगच लागतात, एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे, म्हणजे रॉड फिरवून लांबी अ‍ॅडजस्ट करता येते आणि मग चेक नट आवळायचा. शिवाय हेड ट्यूबचा, म्हणजे फोर्कचा दांडा जिच्यातून वर हँडलकडे जातो त्या पुढच्या नळीचा, कोन. २० इंची चाक, ७० अंशांचा कोन, फोर्कचा ऑफसेट ४० मिलिमीटर असं धरलं तर ट्रेल (हेड ट्यूबची रेष जमिनीला जिथं मिळते त्याच्या किती मागं चाक टेकतं ते अंतर) ४८ मिलिमीटरच्या आसपास येतो, तो ठीक आहे. पण वेल्डिंग करताना ती ट्यूब तीन-चार अंश ओढली गेली की सगळं गणित बिघडलं. तुमचा भाऊ कितीही हुशार असला तरी पहिलाच प्रोजेक्ट हा नको.

माझं मत विचाराल तर लाँगटेल करा. म्हणजे मागून लांब केलेली. यात हँडल, फोर्क, पुढचं चाक, ब्रेक सगळं मूळ सायकलचं जसंच्या तसं राहतं, फक्त मागचं चाक साधारण ३८ ते ४० सेंटिमीटर मागं सरकवायचं आणि मधल्या जागेत दोन्ही बाजूंना सामान. अमेरिकेत एक्स्ट्रासायकलवाल्यांनी याचं बोल्ट करून बसवायचं किटच काढलं होतं, चाक १५ इंच मागं नेणारं, तिथून हा प्रकार पसरला. स्टिअरिंगला हात लावायचा नाही हा सगळ्यात मोठा फायदा, कारण वेल्ड वाईट निघाला तर मागचं बूड बसेल, पण पुढचं चाक निखळून तोंडावर आपटणार नाही तुम्ही.

त्यासाठी दोन जुन्या सायकली बघा, २६ इंची, गिअरच्या. दोन्ही लोखंडी हव्यात. लोहचुंबक खिशात घेऊन जा, चिकटला तर घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला हात लावू नका, ती टिग वेल्डिंगनं जोडली तरी जोडाच्या आजूबाजूचा भाग नरम पडतो, परत हीट ट्रीटमेंट आपण कुठं करणार. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, नाहीतर सोसायट्यांच्या पार्किंगमधे कितीतरी गंजत पडलेल्या असतात, सेक्रेटरीला विचारलं तर तो हार घालून देईल. त्यातली एक अख्खी ठेवायची, दुसरीचा फक्त मागचा त्रिकोण कापून घ्यायचा. दुसरीच्या त्रिकोणाला तिची बॉटम ब्रॅकेटची (पॅडलचा एक्सल जिच्यातून जातो ती) नळी तशीच ठेवायची आणि ती नळी पहिलीच्या मागच्या ड्रॉपआउटच्या (चाकाचा एक्सल बसतो ती खाच) जागी बसते, वरून सीट ट्यूबपासून दोन पाइप मागं न्यायचे. चेन दीड ते दोन जोडाव्या लागतात, गिअरची वायर आणि मागच्या ब्रेकची वायर लांब घ्यायची, ती मोटरसायकलच्या स्पेअरवाल्याकडून कापून मिळते, नाना पेठेत गेलात तर काहीच प्रश्न नाही.

पाइप: २५ बाय २५ चा एमएस (साधं लोखंड), १६ गेज म्हणजे १.६ मिलिमीटर. मीटरला सव्वा किलोच्या आतच भरतो. भावाला विचारलंत तर तो सवयीनं ४० बाय ४० चा दोन मिलिमीटरवाला काढेल, तो मीटरला २.४ किलो. त्या हिशोबानं गेलात तर सायकल नाही, बंगल्याचं गेट तयार होईल. आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप अजिबात नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो, छातीत बसतो, रात्री थंडी वाजून ताप येतो. कुठं जस्ताचा मुलामा असलाच तर आधी घासून काढायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अलाइनमेंट. आधी नुसते टाके मारायचे, पूर्ण वेल्ड नाही. मग एक बारीक दोरा घ्यायचा, मागच्या डाव्या ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधायचा, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. ते सारखं आलं पाहिजे, फार तर एक-दोन मिलिमीटर इकडं तिकडं. चाकं बसवून ओळंबा सोडून बघायचा की दोन्ही एकाच उभ्या रेषेत आहेत का. मग वेल्ड करताना एका बाजूला थोडा, समोरच्या बाजूला थोडा, मधे थंड होऊ द्यायचं. एकाच बाजूनं सलग मारत गेलात तर फ्रेम केळ्यासारखी वाकणार म्हणजे वाकणारच, ते कुणालाच चुकलेलं नाही. पाणी ओतून थंड करू नका.

मिरजकर

वरचा प्रतिसाद आवडला, पण ताई, सायकलवर ओझं न्यायचं म्हणजे युरोपाकडं बघायला पाहिजे असं काय नाही. आमच्याकडं गॅस एजन्सीची पोरं काळ्या डबल बारच्या सायकलवर दोन्ही बाजूला सिलिंडर अडकवून सांगली-मिरज करत होती. एकात गॅस १४.२ किलो आणि रिकाम्या टाकीचं पंधरा-सोळा किलो, म्हणजे एक तीस, दोन्ही मिळून साठ. कॅरियरला लोखंडी पट्टीचे दोन वाकडे हूक, बाकी काय नाय. गवळ्यांचे दुधाचे कॅन पण तसेच.

त्यात बघण्यासारखं काय होतं सांगतो. सिलिंडर कॅरियरच्या *वर* कोण ठेवत नव्हतं. बाजूला, खाली, एक्सलच्या जवळपास लोंबता ठेवायचे. वजन जितकं खाली तितकी सायकल पायात घोटाळत नाही, थांबताना पडत नाही. तुमच्या त्या लांब सायकलीवर वरची फळी मोठी मिळते म्हणून लोक सगळं वरच रचतात, तसं करू नका. गव्हाचं पोतं खाली एका बाजूला, दुसऱ्या बाजूला जार, वर फक्त हलकं. आणि एकाच बाजूला वजन आलं तर पोरं दुसऱ्या बाजूला अंग टाकून चालवायची, ते तुम्हाला जमणार नाही आणि जमवू पण नका.

चाकाचं. त्या काळ्या सायकलींना मागच्या चाकाला ४० आरे असायचे, पुढच्याला ३२. कुणीतरी विचार करूनच केलं होतं ते, कारण वजन मागं. तुम्ही २६ इंची घेणार तर मागं ३६ आरे आहेत ना ते मोजून घ्या, आणि सगळी तार नवी घालून एखाद्या जुन्या मिस्त्रीकडून आऊट काढून घ्या. सायकल लांब झाली की सगळा मार मागच्या चाकावर येतो.

ब्रेकचं मात्र आमच्या काळ्या सायकलीकडून शिकू नका. रॉड ब्रेक आणि क्रोमची रिम, पावसात दाबला तरी गाडी आपली निघालेली असते. मिरजेत चाललं, आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल.

शंकासूर

काका, हे वाचून मला माझी अ‍ॅक्टिव्हा अजूनच आवडायला लागली.

रिकामं_पार्किंग

खाटखूट दादा आणि मिरजकर काका, काय लिहिलंय दोघांनी! प्रिंट काढून भावाला पाठवलं. तो म्हणतो दोरा लावायची आयडिया त्याला माहीत होती (मला नाही वाटत).

लाँगटेलचं पटलं. पण दोन शंका. एक म्हणजे चढ. मंडईतून येताना नळ स्टॉपपासून पुढं हळूहळू चढच आहे, आणि आमची गल्ली महात्मा सोसायटीच्या बाजूला, शेवटचा तुकडा चांगलाच उभा आहे. ४०-४५ किलो घेऊन मी चढेन का? मोटर बसवावी लागेल का? आणि दुसरं, मुलगी. तिला मागच्या फळीवर बसवलं तर?

चढउतार

चढाचा हिशोब मी करतो, हा माझा आवडता विषय.

तुम्ही ६० किलो धरा, सायकल तीसेक किलो होणारच, सामान ४५. एकूण १३५. पाच टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर गेलात की पाच मीटर वर. ताशी ६ किमीनं, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं चढलात तर नुसतं वजन उचलायला ११० वॉट लागतात, टायरचं घर्षण धरून १३० म्हणा. सवयीचा माणूस तेवढं काही मिनिटं देतो, धापा टाकत का होईना. म्हणजे ताकद पुरते. अडतो गिअर.

काळी २८ इंची सायकल, पुढं ४४ दाते, मागं १८, पॅडलच्या एका फेरीत सव्वापाच-साडेपाच मीटर जाते. ताशी ६ किमी म्हणजे मिनिटाला १०० मीटर, म्हणजे मिनिटाला फक्त अठरा-एकोणीस फेऱ्या. तसं पॅडल मारता येत नाही, उभं राहून लाथ मारावी लागते आणि गुडघे जातात. उलट साध्या २१ गिअरच्या सायकलला पुढं सगळ्यात छोटी चकती २८ ची असते आणि मागं सगळ्यात मोठी २८ ची. पॅडलची एक फेरी तर चाकाची एक फेरी, म्हणजे दोन मीटर. तोच वेग, मिनिटाला पन्नास फेऱ्या. बसल्या बसल्या चढाल. म्हणून जुनी सायकल घेताना पुढच्या तीन चकत्या शाबूत आहेत का आणि पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा) चालतो का ते बघा, लोक तो तुटला की काढून फेकतात. आणि तुमच्या गल्लीतला शेवटचा तुकडा पाचाऐवजी दहा टक्के असला तर उतरून ढकला हो, त्यात कसली लाज.

मोटरचं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधे नियम २(यू) आहे, त्यात बसणारी गाडी मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे पासिंग, नंबर, लायसन्स काही नाही. अटी अशा की मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, ब्रेक आणि रिफ्लेक्टर धड हवेत, आणि पॅडल असिस्ट असेल तर पॅडल थांबवलं किंवा २५ चा वेग आला की मोटर बंद झाली पाहिजे. हे इंटरनेटवर सगळे सांगतात. पुढचं वाक्य कुणी सांगत नाही, की हे सगळं नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेलं असायला हवं. त्यातली एक संस्था तुमच्या घरामागच्या टेकडीवरच आहे, एआरएआय :) पण घरी जोडलेली एक सायकल घेऊन तिथं कोण जातंय. त्यामुळे ३५० आणि ५०० वॉटची किटं सर्रास विकली जातात ती सरळसरळ नियमाबाहेर, आणि २५० चं किट घरी बसवलं तरी कागदावर तुम्ही मधेच कुठंतरी लटकलेले. नुसत्या पॅडलच्या सायकलला मात्र काहीही लागत नाही, बिल्ला लावायचा जमाना पण कधीच गेला. सहा महिने मोटरशिवाय चालवा, मग ठरवा. फक्त आत्ताच बॅटरीला जागा फ्रेमच्या मधे राहील असं बघा, फळीखाली नको, खड्ड्यात आदळते.

पाणचक्की

उत्रेख्तहून लिहितेय. माहेर सदाशिव पेठ, त्यामुळे मत देणं भागच आहे.

इथं शाळेच्या दारात सकाळी नुसत्या पेटीच्या सायकली, बाकफीट्स. आमच्याकडेही आहे एक, दोन मुलं आणि सुपरमार्केटचं सामान एकाच वेळी. त्यामुळे तुमचा भुंगा मला पुरेपूर कळतो. पण दोन गोष्टी व्हिडिओत दिसत नाहीत. एक म्हणजे हा देश परातीसारखा सपाट आहे, उतारावरच्या ब्रेकचा प्रश्न इथं कुणाला फारसा पडतच नाही, इथला चढ म्हणजे समोरचा वारा. आणि स्पीडब्रेकर असले तरी मापात असतात, आपल्यासारखे कुणीतरी रात्रीतून घातलेले डोंगर नाहीत.

दुसरी गोष्ट मुलीबद्दल म्हणून जरा गंभीरपणे सांगते. २०२४ च्या फेब्रुवारीत इथल्या ग्राहक-सुरक्षा खात्यानं, एनव्हीडब्ल्यूएनं, बाबू नावाच्या मोठ्या कंपनीच्या मालवाहू सायकलींची विक्री थांबवली आणि मॉडेलं परत मागवायला लावली, कारण फ्रेम तुटल्याच्या तक्रारी होत्या. कारखान्यात बनलेल्या, हजारोंनी विकलेल्या सायकली. इथल्या आई-बापांच्या ग्रुपवर किती दिवस तेच चाललं होतं, जो तो टॉर्च घेऊन फ्रेमच्या खालून वेल्ड बघत होता. तर भोसरीतल्या भावाच्या पहिल्या वेल्डवर लगेच मुलीला बसवू नका. आधी वाळूच्या पिशव्या भरून, तिच्या वजनाच्या दुप्पट, नेहमीच्या रस्त्यावरून, नेहमीच्या खड्ड्यांतून पावसाळाभर चालवा. मग वेल्ड बघा. मग तिला.

आणि बसवाल तेव्हा पाय. चाकात पाय जाणं हा सगळ्यात नेहमीचा अपघात, आपल्याकडे तर घरोघरी कुणाच्या तरी टाचेवर ती खूण असते. साडी गार्डसारखं दोन्ही बाजूंना पूर्ण झाकलेलं हवं, जाळी असेल तर तिच्या बुटाचं टोक आत जाणार नाही इतकी बारीक. पाय टेकायला पट्टी, धरायला समोर दांडा, हेल्मेट. ओढणी तुमची पण सांभाळा.

बाय द वे, ट्रेलरचा विचार का नाही करत कुणी? कापाकापी नाही, आहे त्या सायकलच्या मागच्या एक्सलला डावीकडून जोडायचा, दोन छोटी चाकं, काम झालं की काढून चौथ्या मजल्यावर.

खाटखूट

पाणचक्की, ट्रेलर चांगला पर्याय आहे, सामानापुरता. मुलाला त्यात बसवायचं नाही, आपल्या ट्रॅफिकमधे गुडघ्याच्या उंचीवर ते दिसतच नाही कुणाला. आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसतो, चाळीस किलो भरून उतारावर ब्रेक दाबला की तो मागून ढकलतो, वळणावर दाबला तर मागचं चाक बाजूला सरकवतो. सपाटीला एक नंबर. जोडाच्या ठिकाणी जाड रबरी होजचा तुकडा आणि शिवाय एक सुरक्षेचा पट्टा, जोड सुटला तर ट्रेलर रस्त्यावर मोकळा सुटू नये म्हणून. चाकांचे एक्सल दोन्ही बाजूंनी धरलेले हवेत, एका बाजूनं धरलेला सायकलचा एक्सल वाकतो, तो त्यासाठी बनलेलाच नाही.

वेल्ड तपासायचं पाणचक्कीनं चांगलं काढलं. भोसरीत कुणाकडे ना कुणाकडे डाय पेनेट्रंटचे स्प्रे असतातच. जोड स्वच्छ पुसून लाल स्प्रे मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून काढायचा, मग पांढरा मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते. रंग लावायच्या आधी एकदा, आणि वाळूवाला पावसाळा झाला की रंग खरवडून परत एकदा. जिथं फ्रेम दुसऱ्या फ्रेमला जोडलीये ते दोन जोड आणि वरचे पाइप सीट ट्यूबला मिळतात तो जोड, एवढं बघितलं तरी पुष्कळ. त्या तिन्ही ठिकाणी त्रिकोणी गसेट (कोपऱ्यात आधाराला पत्र्याचे तुकडे) टाका. आणि पहिले काही महिने नुसता प्रायमर ठेवा, जाड ऑइलपेंट फासला की चीर दिसत नाही.

शंकासूर

एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. तीन चाकीच का नाही करत? नागपूरला मामाकडे सायकल रिक्षातून फिरलोय लहानपणी, पडायचा प्रश्नच नाही.

खाटखूट

पडायचा प्रश्न तिथंच जास्त. दोन चाकी वळताना आत झुकते, तीन चाकी झुकत नाही, वजन वर असलं आणि वळण जोरात घेतलं की आतलं चाक उचलतं. रुंदी पण ऐंशी-नव्वद सेंटिमीटर होते, कर्वे रोडला संध्याकाळी त्यातून वाट काढून दाखवा. तीन चाकीचं भारतात कुणी नीट काम केलं असेल तर ते फलटणच्या निंबकर संस्थेत, डॉ. अनिल राजवंशींनी, सायकल रिक्षाला गिअर घालून ती ओढणाऱ्याला सोपी केली आणि पुढं बॅटरीवरची इलेक्शा पण बनवली. ज्याला दिवसभर शंभर-दीडशे किलो ओढायचंय त्याच्यासाठी ते बरोबर आहे. यांना आठवड्याची भाजी आणायचीये.

चढउतार

खाटखूटशी सहमत, फक्त ब्रेकचं राहिलं. दोन्ही चाकांना डिस्क हवी, वायरची चालेल, पण पुढची जमलं तर १८० मिलिमीटरची घ्या. १३५ किलो घेऊन पौड रोडच्या उतारावर मागचा एकटा ब्रेक काही कामाचा नाही. लांब वायर ताणते, त्यामुळे मागचा ब्रेक नेहमी थोडा मऊच लागणार, वायरवरचं जाड आउटर (कव्हर) वापरा. टायर २.१ च्या आसपास रुंद, आणि हवा टायरवर छापलेल्या कमालच्या जवळ.

रिकामं_पार्किंग

सगळ्यांचे मनापासून आभार, आता बऱ्यापैकी चित्र दिसतंय. ठरलंय ते असं. लाँगटेलच. आमच्या सोसायटीत दोन गंजलेल्या २६ इंची आहेत, मालक परदेशी, सेक्रेटरींनी त्यांना मेसेज टाकलाय. चुंबक दोन्हींना चिकटला! एकीला डिस्कचं माउंट आहे, पुढच्या तीन चकत्या पण आहेत. फळी भाऊ म्हणतो बाहेरच्या वापराचा प्लायवूड घेऊ, पण मला वाटतं मंडईतले प्लास्टिकचे क्रेट, ६० बाय ४० चे, त्याच मापाच्या दोन कडा फ्रेमला बाजूला काढल्या तर क्रेट अडकवायचा आणि घरी आलं की क्रेटच लिफ्टमधून वर. पाऊस लागला तरी काही बिघडत नाही. मोटर आत्ता नाही. मुलगी आत्ता नाही, पुढच्या पावसाळ्यानंतर, तिला सांगितलं तर म्हणाली वाळूला का बसवताय, मला बसवा की.

मिरजकर काका, क्रेट बाजूला लावले तर तळ जमिनीपासून किती वर ठेवू? स्पीडब्रेकरला घासतील ना?

मिरजकर

तळ २५ सेंटिमीटर वर ठेवा, त्याच्या खाली नको. लांब सायकलचं पोट स्पीडब्रेकरवर आधी टेकतं, आणि वळताना पॅडल खाली असलं तर टाच क्रेटला लागते, म्हणून क्रेट पॅडलपासून मागं ठेवा. तुमच्या पायाचा बूट घालून, पॅडल पार मागं नेऊन मोजा. चपलेत मोजू नका.

एक राहिलं, ते कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. स्टँड. बाजूचा एका पायाचा स्टँड या सायकलला कामाचा नाही, वीस किलो एका बाजूला ठेवलं की आडवी. डबल स्टँड पाहिजे, मोटरसायकलसारखा, दोन पायांत चाळीस सेंटिमीटर तरी अंतर, आणि तो मूळ जागी पॅडलखाली नाही, मागच्या चाकाच्या बरोबर पुढं, जिथं वजन आहे तिथं. स्प्रिंग मोटरसायकलचीच लावा, सायकलची दोन दिवसात ढिली पडते. आणि भावाला सांगा, स्टँडच्या पायाला खाली तीन बोटं रुंद पट्टी वेल्ड कर, नाहीतर उन्हाळ्यात डांबरात रुततोय.